हळदीची साक्ष



अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि आज ती आम्हांला पुरती लागू पडते. प्रयोगशाळेतल्या विषयावर बोलायला आम्ही उभे आहोत, पण आमची हयात गेली ती हमाल, मापाडी आणि गिरणीत काम करणाऱ्या बायका यांच्या संघटनेत. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही शिकलो ते रात्री, वाचनालयातली पुस्तके घरी नेऊन, आणि जाणत्या माणसांच्या मागे लागून. तेव्हा आमच्या बोलण्यात कोठे चूक आढळली, तर सभेनंतर अवश्य कान धरावा. फक्त एवढेच सांगतो की हा विषय आम्ही हौसेने निवडला नाही. तो आमच्या दारी चालत आला.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक काम उरकून घेतो. या टेबलावर एक काचेचा पेला आहे आणि वसमतकडचे एक पिकलेले केळे आहे. अर्धे केळे आम्ही पेल्यात कुस्करले. त्यात अर्धा पेला कोमट पाणी, चमचाभर मीठ आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन चमचे घातले. आता फेस न होऊ देता हलकेच ढवळतो, आणि पेला येथेच ठेवतो. त्याचे त्याला काम करू द्या. आपण आपले बोलू.

हकीकत काही वर्षांपूर्वीची आहे. एका गिरणीतून बाहेरगावी गेलेली हळदपूड परत आली. सोबत प्रयोगशाळेचा एक कागद होता, आणि त्यावर इंग्रजीत लिहिले होते की या हळदीत मक्याचा डी. एन. ए. सापडला. मालकांनी कागद वाचला आणि चौकशी केली ती पूड भरणाऱ्या चार बायकांची. वजन भरून काढण्यासाठी यांनीच मक्याचे पीठ मिसळले, असा ठपका ठेवून चौघींना त्याच संध्याकाळी घरी बसवले. बायका आमच्याकडे आल्या. त्यांतली एक म्हणाली, "भाऊ, माणसाची साक्ष असती तर उलट विचारलं असतं. कागदाला काय विचारावं?"

हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायचे तर त्याने पाहिले काय, कोठून पाहिले आणि किती उजेडात पाहिले, हे आधी कळले पाहिजे. म्हणून आम्ही हळदीचा डी. एन. ए. कसा काढतात ते शिकायला बसलो. जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, ही वस्तू काय आहे? आपण जे जे खातो, ज्वारी, तूर, केळे, हळद, ते सगळे कधी काळी जिवंत होते, आणि जिवंत वस्तू पेशींची बनलेली असते. पेशीच्या पोटात केंद्रक असते आणि केंद्रकात एक अतिशय लांब, अतिशय बारीक धागा गुंडाळलेला असतो. त्या धाग्यावर चार अक्षरांच्या लिपीत त्या जातीचा सारा वंशवृत्तांत लिहिलेला असतो. हळदीची लिपी वेगळी, मक्याची वेगळी. दाणा दळला, पीठ झाले, रूप गेले, रंग गेला, तरी धाग्याचे तुकडे पिठात राहतातच. म्हणून डोळ्यांना न ओळखू येणारे पीठ हा धागा ओळखून देतो.

हा धागा प्रथम हाती लागला तो कोठे, हे ऐकण्यासारखे आहे. १८६९ साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस संशोधकाने दवाखान्यात फेकून दिलेल्या पट्ट्या गोळा केल्या. जखमी रोग्यांच्या पुवाने त्या भिजलेल्या होत्या. तो पू धुऊन त्यातल्या पेशी त्याने वेगळ्या केल्या, त्यांची केंद्रके काढली आणि त्यांतून एक पांढरा पदार्थ मिळवला. सगळ्या जीवसृष्टीची वंशावळ अशी घाणीतून वर आली. पुढे १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी या धाग्याची दुहेरी पिळाची रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन या बाईंनी क्ष-किरणांनी घेतलेल्या चित्रांचा त्यात मोठा आधार होता. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आमच्या यार्डातच चालतो असे नव्हे.

आता पेल्याकडे वळू. साबणाने काय केले? पेशीचे आणि केंद्रकाचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असते. ताटाचा तेलकटपणा जसा साबणाने सुटतो, तसे हे आवरण सुटते आणि धागा पाण्यात मोकळा होतो. मिठाने धाग्यांना एकत्र येणे सोपे जाते. हे आता फडक्यातून गाळून घेतो. गाळलेल्या पाण्यावर, पेल्याच्या कडेने, बर्फात गाडून ठेवलेले स्पिरिट अगदी सावकाश सोडतो. धागा पाण्यात विरघळतो, स्पिरिटात विरघळत नाही. दोन थरांच्या सांध्यावर लक्ष ठेवा. तोवर आम्ही हळदीकडे जातो.

केळे गरीब स्वभावाचे आहे. हळद तशी नाही. वाळल्या हळदीतून शुद्ध धागा काढणे हे जिकिरीचे काम आहे, आणि त्याची कारणे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला पटतील. हळद शेतातून निघाली की आपण ती शिजवतो, कित्येक दिवस उन्हात वाळवतो, ढोलात घालून घासतो आणि शेवटी दळतो. यातल्या प्रत्येक कामात धागा तुटतो. उष्णतेने तुटतो, घासण्याने तुटतो, दळताना तापलेल्या यंत्राने तुटतो. पुडीत उरतात ते त्याचे बारीक बारीक तुकडे. शिवाय हळदीत पिष्ट भरपूर, रंग भरपूर आणि तुरट जातीची द्रव्येही भरपूर. ती धाग्याला चिकटून बसतात आणि पुढच्या परीक्षेचा विचका करतात. ज्या गुणांसाठी आपण हळद विकत घेतो, तेच गुण प्रयोगशाळेत आडवे येतात.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी जी रीत बसवली, तिला त्यातल्या मुख्य द्रव्यावरून 'सीटॅब'ची रीत म्हणतात. १९८० च्या सुमारास वनस्पतींसाठी ती रूढ झाली. सीटॅब हा साबणाच्याच कुळातला. चिमूटभर पूड एका लहान नळीत घेतात. तीत सीटॅबचे कढत पाणी घालतात. त्यात मीठ पुष्कळ असते, कारण जास्त मिठाने पिष्टासारखे पदार्थ धाग्याला धरून खाली बसत नाहीत. तुरट द्रव्ये पकडून ठेवणारी एक पूड त्यात असते. धागा कुरतडणारी विकरे थंडावावीत म्हणूनही एक द्रव्य असते. ही नळी सुमारे पासष्ट अंशांच्या पाण्यात अर्धा ते एक तास ठेवतात.

मग क्लोरोफॉर्म घालतात आणि नळी जोराने गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवतात. थांबल्यावर तीन थर दिसतात. तळाशी क्लोरोफॉर्म, त्यात तेल आणि बराचसा रंग. मधे प्रथिनांची पांढरी साय. वर स्वच्छ पाणी, आणि धागा त्या पाण्यात. वरचा थर तेवढा हलक्या हाताने उचलायचा. मधल्या सायीला धक्का लागला तर केलेले काम वाया जाते. उचललेल्या पाण्यात थंड अल्कोहोल घातले की धागा खाली बसतो. तो सत्तर टक्के अल्कोहोलने धुवायचा, वाळवायचा आणि थेंबभर शुद्ध पाण्यासारख्या द्रावणात विरघळवायचा. शेवटी त्यातून अतिनील प्रकाश सोडून माल किती आणि किती स्वच्छ हे पाहतात. प्रकाशाच्या दोन मोजमापांचे गुणोत्तर १.८ च्या आसपास आले, तर धाग्यात प्रथिनांची भेसळ फारशी नाही असे धरतात.

आता हा तुकड्यांचा थेंब वाचायचा कसा? तुकडे इतके थोडे असतात की ते आधी वाढवावे लागतात. कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९८३ साली त्याची युक्ती सुचली, आणि १९९३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. युक्ती अशी: थेंब तापवायचा, म्हणजे पिळाचे दोन पदर सुटतात, थोडा निववायचा, म्हणजे आपण घातलेले लहान खुणेचे तुकडे आपापल्या जागी जाऊन बसतात, पुन्हा तापवायचा, म्हणजे एक विकर प्रत्येक पदराची जोडी पुरी करते. एकाचे दोन झाले. असे तीस वेळा केले, तर हिशेबाने एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. इतक्या उष्णतेत टिकणारे ते विकर मूळचे गरम झऱ्यातल्या एका जिवाणूचे. आपल्या शेजारी किनवट तालुक्यात उनकेश्वराची गरम कुंडे आहेत, तसे झरे अमेरिकेत यलोस्टोन येथे आहेत. तेथे हा जिवाणू मिळाला. खुणेचा तुकडा मक्याचा घातला, तर मका असेल तरच वाढ होते. कचोऱ्याचा घातला, तर कचोरा असेल तरच.

या विद्येचा हळदीला उपयोग झाला आहे काय? झाला आहे. केरळात कोझिकोडे येथे भारतीय मसाला पीक संशोधन संस्था आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली बाजारातल्या हळदपुडीची या रीतीने परीक्षा प्रसिद्ध केली आणि तीत कचोऱ्याची भेसळ उघड केली. कचोरा हा हळदीचा भाऊबंद. दळल्यावर दोघांत फरक करणे कठीण. पुढे २०१५ साली त्याच संस्थेच्या कामात काही पुड्यांत टॅपिओकाचे पिष्ट आणि गव्हाच्या जातीचे धान्य असल्याचे दिसून आले. शेतकऱ्याने नऊ महिने राबून पिकवलेल्या मालाच्या नावावर दुसरेच काही विकले जाते, आणि हे आता पकडता येते. साक्षीदार मोठ्या कामाचा आहे, यात शंका नाही.

परंतु साक्षीदार कितीही खरा असला, तरी त्याने जे पाहिले नाही ते त्याच्या तोंडी घालू नये. या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट. ही परीक्षा 'आहे की नाही' हे उत्तम सांगते. 'किती आहे' हे सांगायला वेगळी, जास्त काळजीची मोजणी लागते, आणि शिजवलेल्या, दळलेल्या मालात तीही अवघड पडते. जी रीत एका तुकड्याचे शंभर कोटी करते, तिला पोतेभर पीठ आणि यंत्राला चिकटलेली धूळ यांतला फरक आपोआप कळत नाही.

दुसरी गोष्ट. ज्या भेसळीला वंश नाही, ती या साक्षीदाराला दिसतच नाही. हळदीला उठाव यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग लावण्याचा दुष्ट प्रकार आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. बांगलादेशात २०१९ साली याचा बोभाटा झाला. सरकारने तपासणी, दंड आणि लोकांत जागृती अशी तिन्ही कामे हाती घेतली. तेव्हा बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते, ते २०२१ पर्यंत शून्यावर आले, आणि हळद घासणाऱ्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही उतरले. हे काम डी. एन. ए.चे नव्हे, धातू ओळखणाऱ्या क्ष-किरणांच्या यंत्राचे. तेव्हा 'डी. एन. ए. शुद्ध' एवढ्यावर पुडीला निर्दोष म्हणता येत नाही. आणि विषारी रंगाची पहिली धूळ जाते ती घासणाऱ्याच्या नाकात, हेही विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची आहे. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ सालीच मिळाले होते. आता पुष्कळांना वाटते की कोणी बाहेरची हळद वसमतची म्हणून विकली, तर प्रयोगशाळा त्याला डी. एन. ए.वरून पकडील. हे होणे नाही. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात, एकूण ६३ गुणसूत्रे. त्यामुळे तिला बी धरत नाही म्हटले तरी चालेल. आपण बेणे लावतो. सेलमचे बेणे तामिळनाडूत लावा, निजामाबादेत लावा की वसमतेत लावा, धागा जवळजवळ तोच राहतो. मातीतल्या द्रव्यांवरून ठिकाण शोधण्याच्या रीती निराळ्या आहेत. डी. एन. ए. कुळी सांगतो, गाव सांगत नाही. कोणाच्या रानात पिकली, कोणी शिजवली, कोणी घासली, कोणत्या गाडीत भरली, ही साक्ष धाग्यात नसते. ती वहीत असते. पावती, वजनाची नोंद आणि पोत्यावरचे चिन्ह खरे ठेवले, तरच मानांकनाचा पैसा शेतकऱ्याच्या घरी पोचेल. आणि ही नोंद ज्यांच्या हातून होते ते तुमचे मापाडी, हमाल आणि भरणी करणाऱ्या बायका. त्यांना चोर ठरवून मानांकन राखता येणार नाही.

आता त्या चौघींची गोष्ट पुरी करतो. आम्ही तो कागद घेऊन जाणत्या माणसांकडे गेलो आणि तीन प्रश्न लिहून काढले. मका किती निघाला? नमुना कोणी, कोठून, कोणासमक्ष घेतला? आणि तपासताना कोरी नळी चालवली होती काय? कोरी नळी म्हणजे जिच्यात माल घालतच नाहीत, पण बाकी सारे संस्कार करतात. तीतही मका निघाला, तर तो प्रयोगशाळेतलाच समजायचा. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर कागदावर नव्हते. कोऱ्या नळीची नोंद मात्र होती आणि ती स्वच्छ होती. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले होते. मका खरोखरच पुडीत होता.

मग तो आला कोठून? हे बायकांनीच सांगितले. त्याच दळणयंत्रावर आदल्या दिवशी मक्याचे पीठ काढले होते. यंत्र धुतले नव्हते, फक्त झटकले होते. मालकांना आम्ही म्हटले, दोन नमुने घ्या. एक, पोत्यातली अख्खी हळकुंडे स्वच्छ धुतलेल्या खलबत्त्यात कुटून. दुसरा, मक्यानंतर त्याच यंत्रातून काढलेल्या पुडीचा. दोन्हींवर तुमची सही आणि आमची सही. मालकांनी ते मानले, हा त्यांचा मोठेपणा. उत्तर आले. हळकुंडांत मका नाही, यंत्राच्या पुडीत आहे. तिघीजणी कामावर परत आल्या. चौथी तोवर ऊसतोडीला निघून गेली होती. आठ महिने कागदाच्या उत्तराची वाट पाहत बसणे तिला परवडणारे नव्हते.

त्या चौथीसाठी म्हणून आम्ही आज येथे उभे आहोत. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे सरकारी अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन वरच्या अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात, आणि धंदा करणाऱ्याने मागितले तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. दुसरे मत मागण्याची ही सोय योग्यच आहे. त्याच कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने, विकत घेतलेला माल फी भरून तपासून घेण्याचा अधिकार साध्या गिऱ्हाइकालाही आहे. तो आपण कितीजण वापरतो? परंतु कागदावरून ज्याची भाकरी जाते त्या मजुराने दुसरे मत कोणाकडे मागावे, याची सोय कोठे नाही. ती आपण आपसांत करू शकतो. नमुना घेताना काम करणाऱ्यांपैकी एकजण हजर असावा आणि त्याची सही असावी. निकालाची मराठी प्रत त्याला मिळावी. आणि दुसरा नमुना तपासून येईपर्यंत कोणाला घरी बसवू नये. याला पैसा फार लागत नाही. आपल्या यार्डात आणि गिरण्यांत हे सुरू व्हावे, एवढे मागणे आम्ही या सभेपुढे ठेवतो.

आता पेल्याकडे पाहा. सांध्यावर पांढरे, चिकट तंतू वर चढलेले दिसतील. त्यात केळ्याचे इतर पदार्थही गुंतलेले आहेत, निव्वळ धागा म्हणता येणार नाही. पण केळ्याचा वंशवृत्तांत त्यात आहे. आम्ही प्रथम हा प्रयोग केला तो त्या तिघींसमोर, गिरणीच्या ओट्यावर. त्यांतल्या एकीने काडीने तंतू उचलून धरला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, "एवढंसं हाय व्हय ते." त्या दिवसापासून कागदाची भीती तिच्या मनातून गेली. शास्त्र शिकायचे ते एवढ्यासाठी.

सभा संपल्यावर पेला येथेच राहील. मुलांना घेऊन पुढे यावे, हात लावून पाहावे.